स्वच्छ वीज

घड्याळजी दारात चपला काढत होते. सहज नजर आत गेली आणि दुसरी चप्पल पायातच राहिली. सोफ्यावर मधल्या जागी दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

त्या जागेचं महत्त्व आधी सांगायला हवं, नाहीतर सोफ्यावर माणूस बसला यात बिघडलं काय, असं कुणालाही वाटेल. दंतवैद्य डॉक्टरांचा दवाखाना खाली आणि घर वर. वरच्या या खोलीत दोन उंच स्पीकर होते, आणि दोन्हींपासून अगदी सारख्या अंतरावर माणसाचं डोकं येईल अशी जागा एकच होती. तिथे बसलं की स्पीकर जणू नाहीसे व्हायचे. गाणारी बाई समोर येऊन उभी राहायची, तिच्या डाव्या हाताला बासरीवाला, जरा मागे पियानो. बोटभर इकडेतिकडे सरकलं की सगळी मंडळी एका कोपऱ्यात गोळा. ही जागा घड्याळजींनी स्वतः सुतळी ताणून शोधली होती. तेव्हा डॉक्टरच म्हणाले होते, "इथे तू बसायचंस. कान तुझे तयार आहेत, मी आपला रेकॉर्डी बदलतो." तेव्हापासून दर रविवारी सकाळी घड्याळजी सोफ्याच्या मध्यावर आणि डॉक्टर वेताच्या खुर्चीत, रेकॉर्ड प्लेअरला लागून. डॉक्टरांच्या मुली लग्न होऊन गेल्या, घड्याळं दुरुस्त करता करता घड्याळजींच्या डोळ्याला भिंगाखाली आणखी एक भिंग लागलं, पण रविवार हलला नाही.

"ये, ये," डॉक्टर म्हणाले. "हे साहेब. समोरच्या इमारतीत राहायला आलेत. वीज कंपनीतून निवृत्त झाले, सगळी उमर सबस्टेशनात गेली त्यांची. आणि हा आपला घड्याळजी. याच्याबद्दल सांगितलंय मी तुम्हांला."

साहेब अर्धवट उठले. उंच, सावकाश माणूस, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर. "तुमची जागा आहे का ही?" त्यांनी विचारलं.

"छे, छे. बसा ना," घड्याळजी म्हणाले.

आणि साहेब खरोखरच बसले. ते 'बसा' कुठल्या अर्थाचं होतं हे कळण्याइतकी ओळख अजून झाली नव्हती.

घड्याळजी सोफ्याच्या टोकाला टेकले. उजवा स्पीकर कानात ओरडत होता, डावा लांबून काहीतरी पुटपुटत होता. बाई धड दिसत नव्हती. चहाच्या वेळी सगळा उलगडा झाला. साहेब दाढेचं रूट कॅनाल करून घ्यायला आले होते, खुर्चीत आडवे असताना वरून पियानो ऐकू आला, तोंडातला कापूस निघाल्याबरोबर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दाढेचा नाही, स्पीकरचा. घड्याळजींना हे ऐकून बरं वाटलं नाही. कारण तेही असेच आले होते, फार वर्षांपूर्वी, सुजलेला गाल हाताने धरून. दाढ तिथेच राहिली आणि ते दर रविवारी यायला लागले. म्हणजे आपण मळलेल्या पायवाटेवरूनच हा गृहस्थ चालत आला, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं.

"साहेब म्हणतात," डॉक्टर म्हणाले, "आपण एवढं सगळं केलं, पण मुळाकडे पाहिलंच नाही."

"कुठल्या मुळाकडे?"

"विजेकडे. अरे, ॲम्प्लिफायर म्हणजे काय, शेवटी भिंतीतल्या विजेलाच आकार देतो ना तो? ती वीजच घाण असली तर?"

नवा ॲम्प्लिफायर डॉक्टरांनी त्याच महिन्यात घेतला होता. तो पसंत करायला मात्र घड्याळजींनाच नेलं होतं, एवढं समाधान. साहेबांनी मीटर आणून सॉकेटमध्ये घालून पाहिला होता. खालच्या दवाखान्यातला कॉम्प्रेसर सुरू झाला की व्होल्टेज खाली जाई, बंद झाला की उसळी मारी. फ्रीज चालू होताना स्पीकरमध्ये बारीक 'टक्' होई, ते तर घड्याळजींना आधीपासून ठाऊक होतं. त्यांनीच ते डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवलं होतं. पण दाखवून सोडून दिलं होतं. साहेबांनी मीटर आणला.

"वर्षानुवर्षं असंच चाललंय," घड्याळजी म्हणाले. "काही बिघडलं नाही."

"बिघडेपर्यंत बिघडत नाहीच," साहेब शांतपणे म्हणाले, आणि डॉक्टर असे काही हसले की जणू त्या वाक्यात मोठाच विनोद होता.

घरी जेवताना घड्याळजींनी बायकोला सगळं सांगितलं. त्यांची बायको दुकानात गल्ल्यावर बसायची, पट्टे आणि सेल विकायची, आणि गिऱ्हाईक दारात असतानाच ते घेणार की नुसतंच बघणार हे ओळखायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, सरळ सांगा ना, सवत आली तुम्हांला."

"काहीतरी बोलू नकोस."

"बरं. मग अर्धीच पोळी का उरलीय ताटात?"

पुढच्या रविवारी खोलीत एक काळी पेटी आली होती. वजनदार, पुढे निळा दिवा. पॉवर कंडिशनर. डॉक्टरांनी दुकानातून चार दिवस वापरून पाहायला म्हणून आणली होती. भिंतीतली वीज आधी या पेटीत जाणार, गाळून, धुऊन, पुसून मग ॲम्प्लिफायरला मिळणार. सोबत गुळगुळीत कागदावर छापलेलं पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की आवाजावरचा पडदा दूर होतो.

"ऐक आता," डॉक्टर म्हणाले. डोळे चमकत होते. "बाई श्वास घेते ना दुसऱ्या ओळीच्या आधी, तो ऐक. आणि दोन सुरांमधली शांतता. ती काळीभोर झालीय नुसती."

घड्याळजींनी ऐकलं. सोफ्याच्या टोकावरून ऐकलं, मग साहेब पाणी प्यायला उठले तेवढ्यात मध्ये सरकून ऐकलं. बाई कालपरवा घेत होती तोच श्वास घेत होती. फ्रीजचं टक् तेवढं आता येत नव्हतं, हे खरं. बाकी पडदा बिडदा काही दूर झालेला नव्हता, कारण मुळात तो नव्हताच.

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"टक् गेलं."

"तेवढंच?"

"मला तरी तेवढंच."

डॉक्टर खट्टू झाले. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "याला सवय व्हायला वेळ लागतो." आणि हे वाक्य घड्याळजींच्या जिव्हारी लागलं. आजवर या खोलीत काय ऐकू येतं आणि काय येत नाही हे घड्याळजींनी सांगायचं आणि डॉक्टरांनी मान डोलवायची, अशी रीत होती. स्पीकर भिंतीपासून दूर ओढले तेव्हा, जुन्या वायरी काढून जाड वायरी घातल्या तेव्हा, प्लेअरखाली दगडी फरशी सरकवली तेव्हा, डॉक्टर दर वेळी म्हणाले होते, "खरंच रे, उघडला आवाज." त्या प्रत्येक 'खरंच रे'वर घड्याळजी आठवडाभर जगत.

त्या आठवड्यात दुकानात काम होईना. एका जुन्या मनगटी घड्याळाची केसासारखी स्प्रिंग चिमट्यातून दोनदा उडाली. बायको गल्ल्यावरून म्हणाली, "आज राहू द्या ते. तुमचा हात रागावलाय."

"रागवायचं काय त्यात. उद्या तो माणूस म्हणेल खोलीला हिरवा रंग द्या, आवाज गोड होईल, आणि आमचा डॉक्टर रंगाऱ्याला बोलावील."

"मग तुम्ही म्हणा ना, नको."

"मी म्हणून काय उपयोग? त्याला स्वतःलाच कळायला हवं." आणि असं म्हणता म्हणता घड्याळजींना युक्ती सुचली. सुचली तेव्हा ती अगदी निर्मळ वाटली. डॉक्टरांचे पैसे वाचतील, सत्य काय ते समोर येईल, यात वाईट काय? सत्य समोर येताना त्या उंच माणसाचा चेहरा कसा दिसेल, याचंही चित्र त्यांनी रंगवलं, पण ते आपलं जाता जाता.

रविवारी त्यांनी चहाबरोबरच विषय काढला. "आपण परीक्षा घेऊ. वहिनी मागे उभ्या राहतील, चादर आड धरू. ॲम्पचा प्लग कधी पेटीत घालतील, कधी सरळ भिंतीत. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा. तू फक्त सांगायचंस, आत्ता पेटी आहे की नाही."

"हो, हो, करू या," डॉक्टर म्हणाले, पण लगेच म्हणाले नाहीत. आधी त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "कशाला? राहू द्या."

हा नको म्हणाला म्हणजे घाबरला, असा घड्याळजींनी अर्थ लावला. "का? शास्त्रीय पद्धत आहे. तुम्ही तर इंजिनियर."

वहिनी, म्हणजे डॉक्टरांची बायको, पदर खोचून स्पीकरांच्या मागे जाऊन बसल्या. त्यांना मनातून मजा वाटत होती. या दगडी फरश्या आणि वायरी झाडता झाडता त्यांचा जन्म गेला होता. चादर दोन खुर्च्यांना बांधली. पियानोचा तुकडा लागला.

"पेटी," डॉक्टर म्हणाले.

"भिंत," चादरीमागून वहिनी म्हणाल्या.

पुन्हा वाजलं. "आता भिंत. स्पष्ट कळतंय."

"आता पेटी."

तिसऱ्यांदा डॉक्टरांनी जास्त वेळ घेतला. डोळे मिटले, मान पुढे काढली, एक हात कानामागे नेला आणि लगेच खाली घेतला. "भिंत," ते म्हणाले.

"अहो, मी प्लग काढलाच नव्हता आत्ता. पेटीच होती ती."

असं बराच वेळ चाललं. मधूनच एखादं उत्तर बरोबर यायचं, नाणं उडवून येईल तसं. घड्याळजी मध्ये मध्ये "बरं, आणखी एकदा" म्हणत होते, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांचं उत्तर जास्त हळू येत होतं. शेवटी डॉक्टरांनी स्वतःच सुई उचलून बाजूला ठेवली.

"आता साहेब," घड्याळजी म्हणाले. इतका वेळ राखून ठेवलेला घास होता तो.

"मला फरक ऐकू येत नाही," साहेब म्हणाले. "फ्रीजचा आवाज सोडला तर."

"मग पेटी घ्या म्हणून कुणी सांगितलं?"

"मी नाही. दुकानदाराने. मी डॉक्टरांना वेगळंच सांगितलं होतं. आवाज सुधारणं ही एक गोष्ट, आणि यंत्र जिवंत राहणं ही दुसरी. आपल्या या रस्त्यावरची लाईन जुनी आहे. कधी न्यूट्रल सुटली तर घरात दुप्पट व्होल्टेज शिरतं. त्यासाठी बोर्डात काहीतरी बसवा, एवढंच म्हटलं मी. ही पेटी त्याला पुरी पडेल याचीही मला खात्री नाही."

घड्याळजींना एकदम हातातलं ओझं काढून घेतल्यासारखं झालं. इतके दिवस ते ज्याच्याशी भांडत होते तो माणूस समोर नव्हताच. ते वळून डॉक्टरांना म्हणाले, "मग तू का म्हणत होतास? शांतता काळीभोर झाली म्हणून?"

डॉक्टर रेकॉर्ड पुसत होते. पुसून झालेली रेकॉर्ड पुन्हा पुसत होते. "मला वरचे सूर ऐकू येत नाहीत," ते म्हणाले. "तपासून घेतलेत कान. ते ड्रिल आहे ना माझं, आयुष्यभर कानापासून वीतभर अंतरावर किंचाळत होतं. बासरी वर चढली की एका ठिकाणी मला ती संपते. बाईचा श्वास मला कधीचा ऐकू येत नाही. तो असतो हे माहितीय, म्हणून म्हणतो."

चादरीमागून वहिनी बाहेर आल्या. त्यांना हे ठाऊक होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"आणि माझ्या वायरी?" घड्याळजींनी विचारलं. "फरशी?"

"तू म्हणालास फरक पडला. पडला असणार. मी हो म्हटलं."

"दर वेळी?"

"पहिल्या पहिल्यांदा ऐकू यायचं की. मग कधी थांबलं ते कळलं नाही."

साहेब खाली मान घालून बसले होते. त्यांच्या त्या बसण्यात आश्चर्य नव्हतं, आणि घड्याळजींच्या सवयीच्या डोळ्यांनी ते टिपलं. तबकडीवरचा काटा किंचित जरी चुकीचा पडला तरी त्यांना दिसायचा.

"यांना माहीत होतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी रेकॉर्ड पाकिटात सरकवली.

"महिन्याभराची ओळख. यांना सांगितलंस?"

"नवीन माणसाला सांगायला सोपं जातं रे," डॉक्टर म्हणाले. "तू माझ्या कानांसाठी एवढी खटपट करतोस. तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

घड्याळजी उठले. चपला घालताना एक उलटी घातली गेली ती तशीच ओढत जिना उतरले.

पुढचे रविवार ते दुकानात बसले. बाजार बंद, शटर अर्धं खाली, आणि घड्याळजी आत उगाचच सुट्या भागांचे जुने डबे लावत. ऐकू येत नाही याचं वाईट त्यांना वाटत होतंच. डॉक्टरांच्या हातून निसटून गेलेली ती बासरी पुन्हा पुन्हा आठवायची. पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी ठसठसत होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही बघवत नव्हतं. दुखणं कळलं नाही याचं दुःख नव्हतं ते. दुखणं दुसऱ्याला कळलं याचं होतं. डॉक्टर आणि तो उंच माणूस समोरासमोर बसलेत, दाराआड, हळू आवाजात, आणि डॉक्टर आपल्या कानाबद्दल सांगतायत, हे चित्र त्यांना छळत होतं. कधी सांगितलं असेल? खाली दवाखान्यात? की वर, त्यांच्याच सोफ्यावर?

बायकोने समजूत घातली. "तुमचा मान राखला हो त्यांनी. इतकी वर्षं तुम्हांला बरं वाटावं म्हणून हो हो म्हणणं, हे काय कमी आहे?"

"मला मान नको होता."

"नको कसा? तोच तर हवा होता." ती हे चिडून म्हणाली नाही. मग ती म्हणाली, "पेटी परत केली म्हणे डॉक्टरांनी. वहिनी भेटल्या होत्या. म्हणाल्या, त्या दिवशीपासून गाणंच लावलं नाही. परवा कुठे पुन्हा सुरू केलं."

"साहेब येतात?"

"येतात."

घड्याळजींनी दुसऱ्या डब्याचं झाकण उघडलं.

आणि मग ते झालं. आठवड्याच्या मधला दिवस, दुपार कलत आलेली. घड्याळजी भिंगातून एका गियरकडे पाहत असताना टेबलावरचा दिवा एकदम पांढराशुभ्र झाला. डोक्यावरचा पंखा गरगरायचा तो घोंघावायला लागला. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून फट् आवाज आला, मागोमाग जळका वास. घड्याळजींनी भिंग काढलं आणि त्यांना कळलं. न्यूट्रल सुटली. साहेबांनी सांगितलं होतं तस्संच.

त्यांचा हात आपसूक मेन स्विचकडे गेला. दुकान बंद झालं. पुढचा विचार डॉक्टरांच्या घराचा आला, कारण लाईन तीच होती, आणि पेटी परत गेली होती, त्यांच्या परीक्षेमुळे. आणि त्याच्याही पुढचा विचार असा आला की, ॲम्प्लिफायर जळला तर साहेब खरे ठरतील. हा विचार येऊन जायला वेळ लागला नाही, पण त्या तेवढ्या वेळात घड्याळजी जागचे हलले नाहीत, हे त्यांना पुढे कधी विसरता आलं नाही. मग ते "बघ गं दुकान" म्हणून जे पळत सुटले ते रस्त्यातल्या सायकलींना धडकतच डॉक्टरांच्या दारात पोचले.

दवाखान्याचं दार सताड उघडं होतं. आत अंधार. खुर्चीत एक बाई तोंड उघडं ठेवून आडवी पडलेली, आणि डॉक्टर हातातलं बंद पडलेलं ड्रिल तसंच धरून तिला सांगतायत, "घाबरू नका, काही नाही, वीज गेली." आणि जिन्याखालच्या बोर्डापाशी स्टुलावर साहेब उभे होते. मेन स्विच त्यांनी पाडला होता. पायात घरच्या स्लिपर, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

समोरच राहतात, पोचणारच आधी, असं घड्याळजींनी स्वतःला सांगितलं.

"वर?" त्यांनी विचारलं.

"वर लावलेलं होतं," साहेब म्हणाले. "वहिनी ऐकत होत्या. एकदम बंद पडला म्हणाल्या. धूर नाही, पण वास आहे."

दोघे वर गेले. वहिनी खोलीच्या दारात उभ्या होत्या, आत जायची हिंमत होत नसल्यासारख्या. नवा ॲम्प्लिफायर मेलेला. घड्याळजींनी त्याच्या जाळीला नाक लावलं. मग न वळताच विचारलं, "पेटी असती तर वाचला असता?"

आता हा माणूस काय म्हणणार हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आपल्याला त्यासाठी घट्ट करून ठेवलं होतं.

"सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "त्या पेट्या क्षणभराचा झटका सोसतात, वीज कडाडली वगैरे तर. हे असं लागून राहिलं की त्याही जळतात. कदाचित वाचला असता, कदाचित दोन्ही गेली असती. याला खाली बोर्डातच यंत्र हवं होतं. व्होल्टेज वाढलं की लाईन तोडून टाकणारं. ते मी पहिल्याच दिवशी बसवून द्यायला हवं होतं. नुसता बोलत बसलो."

घड्याळजींना त्या क्षणी तो माणूस पहिल्यापेक्षाही नकोसा वाटला. हातात आयता सापडलेला दोष त्याने सरळ स्वतःच्या खिशात टाकला होता. निदान एवढा तरी मला राहू द्यायचा होता, असं त्यांच्या मनात आलं.

"मी पेटी परत करायला लावली," घड्याळजी म्हणाले. "परीक्षेत पैसे वाचवायचे नव्हते मला. तुम्हांला उघडं पाडायचं होतं."

"ते कळलं होतं मला," साहेब म्हणाले. "मी तुमच्या जागेवर बसलो होतो ना. पण तुम्ही बसा म्हणालात."

वीज दुरुस्त करणारी माणसं येऊन गेली, रस्त्यावर दिवे लागले, तशी डॉक्टर वर आले. त्यांनी एकदा ॲम्प्लिफायरकडे पाहिलं आणि एकदा घड्याळजींकडे, आणि म्हणाले, "आलास."

घड्याळजींनी दुसऱ्या दिवशी दुकानातून आपली हत्यारं आणली. झाकण उघडलं. विजेच्या तोंडाशी एक फ्यूज उडाला होता आणि त्याच्या मागचं निळं चकतीसारखं एक बटण फुटून काळं पडलं होतं. झटका अंगावर घ्यायलाच बसवलेलं असतं ते, साहेबांनी सांगितलं. पुढचं सगळं शाबूत दिसत होतं. साहेबांना कुठला भाग आणायचा ते ठाऊक होतं, पण त्यांचा हात थरथरायचा. सोल्डरिंगचा डाग देणं त्यांच्याने झालं नसतं. त्यांनी बॅटरी धरली, घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून जुनं काढलं, नवं जोडलं. दोघे एकमेकांशी कामापुरतं बोलले. "जरा डावीकडे प्रकाश." "असा?" "पुरे." डॉक्टर वेताच्या खुर्चीत बसून दोघांकडे पाहत होते, आणि घड्याळजींना राहून राहून वाटत होतं की ते नक्की कुणाकडे पाहतायत.

खाली बोर्डात साहेबांनी ते यंत्र बसवलं. छोटंसं, निळ्या दिव्याबिव्याशिवाय. पुढे ते अधूनमधून उगाचच लाईन तोडायचं, मग खाली पेशंटच्या तोंडात ड्रिल थांबायचं आणि वर बाई अर्ध्या ओळीत गप्प व्हायची. वहिनी म्हणायच्या, "झालं, आली तुमची स्वच्छ वीज." पेटी पुन्हा आणली नाही. फ्रीजचं टक् परत आलं होतं. साहेब म्हणाले, फ्रीजला वेगळ्या सॉकेटवर घ्या, तेवढ्यानेही कमी होईल, आणि झालं.

रविवारी तिघे जमले. घड्याळजींना बरीच वर्षं जे सांगायचं सुचलं नव्हतं ते त्या दिवशी सुचलं. बासरीची रेकॉर्ड लागली होती. बासरी वर चढायला लागली आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ते ऐकत असल्याचा नम्र भाव आला. तो भाव घड्याळजींनी आजवर किती वेळा पाहिला असेल, पण आज त्यांना तो काय आहे ते कळलं. ते उठले, मोढा ओढून डॉक्टरांच्या खुर्चीला लागून बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "आता संपली ना तुला?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"नाही संपलेली. अजून वर गेलीय. बारीक झालीय, पण फाटलेली नाही. वर जाऊन थरथरतेय जरा. आता थांबली. श्वास घेतला त्याने, मोठा. आता उतरतेय, हळूहळू. येतेय तुझ्यापर्यंत. आली?"

"आली," डॉक्टर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. आणि हे 'आली' खरं होतं, याबद्दल घड्याळजींना शंका आली नाही.

पुढच्या वेळी बासरी पुन्हा वर गेली तेव्हा सोफ्यावरून साहेब पुढे वाकले. त्यांचंही वय झालेलं होतं. "काय म्हणताय? मलाही सांगा ना जरा," ते म्हणाले. "वरचं मलाही आता नीट लागत नाही."

घड्याळजींनी वर पाहिलं. माणूस मनापासून विचारत होता. त्याने बॅटरी धरली होती, यंत्र बसवलं होतं, दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता. सांगायला हरकत काहीच नव्हती.

"सांगतो नंतर," घड्याळजी म्हणाले, आणि डॉक्टरांच्या कानाशी आणखी थोडं वाकून, पहिल्यापेक्षा हळू आवाजात, पुढचं सांगू लागले.